टीम हरायला लागली की काय करायचं

पहिली गोष्ट, फ्लेक्स आधी छापू नये. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय. कोल्हापुरात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी पेठेतली आमची फुटबॉल टीम एका स्पर्धेच्या फायनलला गेली, तेव्हा मी आदल्या रात्रीच वीस बाय दहाचा 'विजेता' छापून, कडा दुमडून, रिंगा ठोकून तयार ठेवला होता. स्वखर्चानं. हरलो. तो फ्लेक्स आता पावसाळ्यात दोन मोटारसायकलींवर झाकण म्हणून असतो, मजकूर आतल्या बाजूला करून. टीमचं नाव लिहीत नाही. पेठेतल्या माणसाला कळलंच असेल.

माझ्या नशिबात अशा दोन टीम आहेत. दुपारी शाहू स्टेडियमवर पेठेची आणि रात्री टीव्हीवर इंग्लंडची मँचेस्टर युनायटेड. १९९९ च्या मे महिन्यात, आपल्याकडं रात्रीचे दोन वाजले होते, बार्सिलोनातल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये बायर्न म्युनिक एक गोलनं पुढं होतं आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत आधी शेरिंगहॅमनं, मग सोल्शायरनं गोल मारला. शेजाऱ्यांच्या घरात आम्ही सातजण, आवाज करायची परवानगी नाही, म्हणून एकमेकांचे दंड आवळत नाचलो. तेव्हा हिशोब असा होता की पेठेच्या टीमनं दिवसा रडवलं तर रात्री हे हसवतील. २०१३ ला कोच फर्ग्युसन निवृत्त झाला आणि त्या वर्षी जिंकलेली विसावी लीग ही शेवटचीच ठरली. तेव्हापासून दिवसा तेच, रात्रीही तेच. दुकानात येणारी पोरं विचारतात, "मामा, तुम्ही अजून बघताय कसं?" त्यांच्यासाठी हे.

राग कुणावर आहे, ते आधी ठरवा

राग तीन मापांचा असतो. एक मॅचचा: रेफरी, हुकलेली पेनल्टी, हातातून सुटलेला बॉल. हा सकाळच्या चहापर्यंत टिकला तर चालतो, त्यापुढं नाही. दुसरा हंगामाचा: कोच कसा खेळवतोय, कुणाला बसवतोय. त्याला निदान दहा मॅच द्या. तिसरा मालकाचा. तो वर्षानुवर्षांचा असतो आणि तो राहायलाच पाहिजे.

घोटाळा होतो तो हे तीन एकमेकांत कालवल्यानं. युनायटेडचंच बघा. २००५ ला ग्लेझर कुटुंबानं क्लब घेतला, तो बराचसा कर्जावर, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. म्हणजे तुमचं घर मी विकत घ्यायचं आणि हप्ते तुमच्या पगारातून कापायचे. वर्षानुवर्षं व्याजापायी गेलेला पैसा मैदानावर, छपरावर, पोरांच्या अकादमीवर लागला असता. २०२४ ला उद्योगपती जिम रॅटक्लिफनं पाव हिश्शाहून थोडा जास्त वाटा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला, पण मतांचं बहुमत ग्लेझरांकडंच राहिलं. आणि आपण काय करतो? २००५ सालचं कर्ज अकॅडमीतून नुकत्याच वर आलेल्या पोरानं पास चुकवला की त्याच्या डोक्यावर फोडतो.

खेळाडूच्या किमतीचंही तसंच. "एवढ्याला घेतला, चालत नाही तर विकून टाका" असं म्हणणं सोपं. समजा ८ कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर एक विंगर, म्हणजे कडेनं पळणारा खेळाडू, आणला. वहीत तो दरवर्षी १ कोटी ६० लाखांचा खर्च म्हणून पडतो. दोन वर्षांनी त्याची वहीतली किंमत अजून ४ कोटी ८० लाख असते. बाजारात त्याला कुणी २ कोटींच्या वर हात लावत नाही. विकला तर पावणेतीन-तीन कोटींचा खड्डा त्याच वर्षी दाखवावा लागतो, आणि क्लबच्या खर्चा-तोट्याला लीगची मर्यादा असते. म्हणून तो बाकावर बसून पगार घेतो. माझ्याकडं चुकीच्या मापाचे छापलेले फ्लेक्स कोपऱ्यात पडलेत, त्यांचं हेच झालंय. शिव्या द्यायच्याच असतील तर ऑर्डर घेताना माप न विचारणाऱ्याला द्या.

स्टेडियमवर तोंड कसं वापरायचं

हे मला एका बाईंनी शिकवलं. दुपारची मॅच होती. पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या, बुडाखाली वर्तमानपत्र, हातात शेंगांचा पुडा. पलीकडून हलगी वाजत होती, ती त्यांची. शून्य-शून्य चाललेलं आणि आमच्या गोलकीपरच्या हातातून साधा, घरंगळत आलेला बॉल सुटला, दोन पायांतून मागं गेला. मी उभा राहून जे ओरडलो ते इथं लिहिता येणार नाही. त्यात त्याच्या आईचा उल्लेख होता.

दोन पायऱ्या खाली एक बाई बसल्या होत्या. स्टेडियमवर बायका कमीच, त्यामुळं आधीच लक्षात आल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा, डोक्यावर पदर. त्या सावकाश वळल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "दादा, रातपाळी करून आलाय त्यो शिरोलीहून. सकाळपास्नं झोपला न्हाई." आणि परत मॅच बघायला लागल्या. हाफटाइमला डबा घेऊन खाली उतरल्या. शेंगांचा पुडा माझ्या हातात तसाच राहिला होता, नंतर शेजारच्यानं संपवला.

तेव्हापासूनचा माझा नियम: ओरडायचं ते बॉलला उद्देशून. "कडंनं घे", "सोड की आता", "मागं बघ मागं". घसा तेवढाच बसतो. माणसाच्या घरादारावर जायचं नाही. टीव्हीपुढं हा नियम पाळणं जास्त अवघड, कारण तिथं दोन पायऱ्या खाली कुणी बसलेलं नसतं.

एक फुकटचा सल्ला: हरल्यावर स्टेडियममधून लगेच निघू नका, जिंकलेल्यांची मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जातेय ते बघून दुसरा धरा. पेठेपेठेतली ईर्षा गोड असते, पण हरलेल्या दिवशी कोपऱ्यावरचा एक शब्दही पुरतो, आणि मग पोलिसांच्या वहीत दोन्हीकडच्या पोरांची नावं लागतात. खेळाडू नव्हे, बघणारे.

रात्रीच्या मॅचचं वेळापत्रक

इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनची मॅच आपल्याकडं उन्हाळी वेळेत साडेसातला आणि ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागं गेली की साडेआठला लागते. ही खुशाल बघा, जेवणाच्या वेळेत दुःख आटोपतं. गंमत म्हणजे तीनच्या मॅच खुद्द इंग्लंडात टीव्हीवर दाखवत नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. मँचेस्टरमधल्या पाठीराख्याला टीव्हीवर जे दिसत नाही ते आम्ही रंकाळ्याजवळ बसून बघतो. हे भाग्य की भोग, ते मॅचवर ठरतं.

खरा प्रश्न मधल्या वारातल्या आठच्या मॅचचा. ती आपल्याकडं साडेबारा नाहीतर दीडला सुरू होते. नियम असा करा: टीम बरी चालली असेल तर बघा, वाईट चालली असेल तर झोपा. मी स्वतः हा नियम कधी पाळलेला नाही. २७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. पंधरा दिवस दुकान रात्रंदिवस चालू, डोळे सुजलेले, दुपारी घरचा गणपती बसवला. मध्यरात्री साडेबाराला ग्रिम्सबीविरुद्ध लीग कपची मॅच. ग्रिम्सबी म्हणजे चौथ्या स्तरावरची टीम. म्हटलं, सणाच्या दिवशी दोन-तीन गोल बघून झोपू.

हाफटाइमला दोन-शून्यनं मागं. शेवटी आमचा एम्बेमो आणि ८९ व्या मिनिटाला मॅग्वायर, दोन-दोन. मग पेनल्टी. एक, दोन, पाच, दहा, संपेचनात. गोलकीपरांनीही मारल्या. त्याआधी मॅच चालू असताना कॅमेऱ्यानं दाखवलं होतं की आमचा तेव्हाचा कोच अमोरिम बाकावर बसून पाटीवर लोहचुंबकाच्या सोंगट्या सरकवतोय. शेवटी एम्बेमोचा बॉल आडव्या खांबावर आपटला. बारा-अकरा. माझ्यामागं मखरातली दिव्यांची माळ लुकलुकत होती आणि बायको पाणी प्यायला उठलेली. टीव्हीकडं, मग गणपतीकडं बघून म्हणाली, "त्याला तरी झोपू दे."

फोन

मार्च २०२३ ला लिव्हरपूलनं सात-शून्य मारलं. आठवडाभर आधीच आम्ही लीग कप जिंकून सगळ्या ग्रुपवर मिठाईचे फोटो टाकले होते. त्या रात्री उत्तरार्धातच मी फोन बंद करून तांदळाच्या डब्यावर ठेवला. ती चूक होती. सकाळी उघडला तर एकशे चाळीस मेसेज, आणि मी पळालो असं सगळ्यांचं एकमत झालेलं.

आता मी उलटं करतो. शेवटची शिट्टी वाजली की पहिला मेसेज माझाच. "अभिनंदन, चांगलं खेळला." आणि स्वतःच्या टीमवर एक जोक, त्यांना सुचेल त्यापेक्षा बरा. समोरच्याचा अर्धा दारूगोळा तिथंच ओला होतो. मग फोन ठेवायचा. सामन्यानंतरचं विश्लेषण, कोचची पत्रकार परिषद, संतापलेल्या माजी खेळाडूंचे व्हिडिओ हे त्या रात्री बघायचं नाही. तो धंदा आपल्या रागावर चालतो. मला धंदा कळतो.

तक्ता वाचायला शिका, पण कुणाला शिकवू नका

२०२४-२५ ला युनायटेड पंधराव्या नंबरवर राहिली. ३८ मॅचमध्ये ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव, ४२ गुण. त्यात २१ मेला बिलबाओतल्या युरोपा लीग फायनलमध्ये टॉटनहॅमकडून एक-शून्यनं हार. आणि टॉटनहॅम लीगमध्ये कितवे? सतरावे. म्हणजे आमच्यापेक्षाही दोन पायऱ्या खालचे येऊन कप घेऊन गेले.

अशा वेळी नुसता नंबर बघू नका. गोलसंधींची किंमत मोजणारा एक आकडा हल्ली सगळीकडं मिळतो, एक्सजी म्हणतात त्याला. पेनल्टीला साधारण पाऊण गोलाची किंमत, लांबून मारलेल्या आशाळभूत शॉटला दोन-चार शतांश. एका मॅचचा एक्सजी काढून भांडणं म्हणजे एका ढगावरून पावसाळा सांगणं. दहा मॅचचा बघा. संधी तयार होतायत आणि गोल होत नाहीत, तर थांबा. संधीच होत नाहीत, तर कोचवर चिडायला तुम्ही मोकळे. पेठेच्या टीमसाठी असले आकडे नसतात. तिथं मी एवढंच बघतो की शेवटच्या दहा मिनिटांत पोरं पळतायत की चालतायत.

जुन्या गोष्टी जपून काढा

दर वाईट हंगामात कुणीतरी फर्ग्युसनची गोष्ट काढतो. १९८६ ला आला, तीन वर्षं काही जिंकलं नाही, १९८९ च्या डिसेंबरात प्रेक्षकांत त्याला निरोप देणारा फलक लागला, पुढच्याच महिन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सनं गोल मारला, त्या वर्षीचा एफए कप आला आणि मग तेरा लीग. गोष्ट खरी आहे. पण ती नापास होणाऱ्या प्रत्येक पोराच्या बापानं आईनस्टाईनचं नाव घेण्यासारखी झालीय. फर्ग्युसन हरत होता तेव्हाही खाली पोरांची फळी उभी करत होता. तसं काही दिसत असेल तरच ही गोष्ट काढा.

मला त्यापेक्षा १९७४ ची जास्त आवडते. १९६८ ला युरोपियन कप जिंकलेली टीम सहा वर्षांत दुसऱ्या विभागात घसरली. आणि त्या दुसऱ्या विभागातल्या वर्षी देशात सगळ्यात जास्त गर्दी आमच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरच झाली.

तक्रार करायची तर

नुसतं घरात कुढू नका. २०१० ला युनायटेडच्या लोकांनी हिरवे-पिवळे स्कार्फ घातले. क्लबचं पहिलं नाव न्यूटन हीथ, त्याचे ते रंग. तिकीट काढून, टीमला साथ देत, मालकाच्या तोंडावर निषेध. काहींनी तर २००५ लाच बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर असा स्वतःचा क्लब काढला, सभासदांच्या मालकीचा. मला तेवढं जमलं नसतं.

पेठेत मात्र रस्ता जवळचा आहे. टीम चालवणाऱ्या तालमीच्या बैठकीला जा. वर्गणीची पावती खिशात असू द्या, तिच्याशिवाय बोललेलं कुणी ऐकत नाही. मी दोन वर्षांपूर्वी उभा राहून विचारलं की बाहेरच्या खेळाडूंवर एवढा खर्च होतो, मग आपली चौदा-पंधरा वर्षांची पोरं कुठल्या मैदानावर आणि कुणाच्या हाताखाली सराव करतायत? कुजबुज झाली. एक म्हातारे आप्पा म्हणाले, "बोलतोस तर मग सकाळी सहाला तूच ये की." आता आठवड्यातून तीन दिवस सहाला जातो. कोचिंग नाही येत मला, बॉलमध्ये हवा भरतो आणि शिट्टी हरवू देत नाही. त्या रातपाळीवाल्या गोलकीपरचा धाकटा भाऊ तिथं येतो. हात मोठे आहेत पोराचे.

परवा कमिटीची दोन माणसं दुकानात आली होती. यंदाच्या फायनलचा फ्लेक्स करून ठेव म्हणाली. मी म्हटलं, आधी सेमीफायनल होऊ दे. तरी ती गेल्यावर कॉम्प्युटर उघडला, सगळ्यांचे फोटो लावले, नावं टाकली, वरची पट्टी मोकळी ठेवली आणि फाइल सेव्ह केली. छापलेली नाही.