कंपाइल सुरू केलं की कॉम्प्युटर अडकतो? आधी मेमरीकडे बघा

मोठा सी++ प्रोजेक्ट कंपाइलला लावला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवायला घेतला, की थोड्याच वेळात माउस झटके खायला लागतो, ब्राउझरचा टॅब बदलता बदलत नाही, टाइप केलेली अक्षरं सावकाश उमटतात. संशय लगेच प्रोसेसरवर जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

सुरुवातीलाच दोन तक्रारी वेगळ्या करून घ्या. कंपाइलला फार वेळ लागतो ही एक, आणि कंपाइल चालू असताना दुसरं काहीच करता येत नाही ही दुसरी. एकीचा उपाय कधीकधी दुसरीला भोवतो. हा लेख मुख्यतः दुसरीसाठी आहे. उदाहरणं लिनक्सची आहेत, विंडोजचं पुढे थोडक्यात येईल. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच द्यायच्या.

पायरी १ : नेमकं कुठे अडतंय ते बघा

कंपाइल चालू असताना प्रोसेसर १०० टक्के दिसणं ही चांगली गोष्ट आहे, त्यासाठीच तर त्याला कामाला लावलंय. सगळे कोअर भरलेले असले तरी माउस आणि खिडक्यांसारख्या हलक्या कामांना शेड्यूलर (कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारा भाग) मधूनमधून वेळ देत राहतो. थोडी कुरकुर जाणवेल, पण स्क्रीन सेकंदांसाठी गोठत असेल तर कोणीतरी डिस्कची वाट बघत ताटकळलंय असं समजा.

कंपाइल सुरू करण्याआधीच एक वेगळं टर्मिनल उघडून त्यात ‘व्हीएमस्टॅट १’ चालू ठेवा, कारण मशीन अडकल्यावर टर्मिनलही उघडत नाही. दर सेकंदाला आकड्यांची एक ओळ येते. त्यातले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने स्वॅपमधून किती आलं आणि स्वॅपमध्ये किती गेलं ते सांगतात. स्वॅप म्हणजे मेमरी अपुरी पडली की तिच्यातलं सामान ठेवायची डिस्कवरची जागा. ‘यूएस’ म्हणजे प्रोसेसरचं खरं काम आणि ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कसाठी थांबण्यात गेलेला वेळ. ‘यूएस’ नव्वदीच्या पुढे आणि स्वॅपचे दोन्ही रकाने शून्याजवळ असतील तर मशीन ठणठणीत आहे. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ दोन्ही सतत हजारांत, ‘यूएस’ घसरून वीस-पंचवीसवर आणि ‘डब्ल्यूए’ चढलेला, असं दिसलं की मेमरी संपलीय. हे कानालाही कळतं. आतापर्यंत घोंघावणारा पंखा एकदम शांत होतो आणि नेमका त्याच वेळी डेस्कटॉप गोठतो. प्रोसेसरला करायला कामच उरलेलं नसतं.

स्वॅप बंद ठेवलं की हा त्रास होत नाही, असा एक समज आहे. होतो. मेमरी कमी पडली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, चालू प्रोग्रॅमच्या कोडची पानं मेमरीतून काढून टाकतो आणि लागली की डिस्कवरून पुन्हा वाचतो. अशा वेळी स्वॅपचे रकाने शून्यच राहतात, पण ‘बीआय’ म्हणजे डिस्कवरून होणारं वाचन प्रचंड वाढतं.

कर्नल ४.२० किंवा त्यापुढचा असेल तर आणखी थेट पुरावा मिळतो. ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘प्रेशर’मध्ये ‘मेमरी’ नावाची फाइल असते, ती ‘कॅट’ने वाचा. ‘फुल’ या ओळीत ‘एव्हीजी१०’पुढे ३० आकडा असेल, तर गेल्या दहा सेकंदांतला ३० टक्के वेळ सगळी कामं एकाच वेळी मेमरीपायी अडून बसली होती. कितीही वेगवान प्रोसेसर आणला तरी हा आकडा खाली येणार नाही.

पायरी २ : जॉब मेमरीच्या हिशेबाने लावा

नव्वद टक्के लोकांचं काम इथेच होतं असा माझा अंदाज आहे.

‘मेक’ आणि ‘निंजा’ ही कंपाइलची कामं वाटून देणारी साधनं, आणि जॉब म्हणजे एकाच वेळी चालणारं असं एक काम. ‘मेक’ला ‘-जे’ देऊन पुढे आकडाच दिला नाही, तर तो जॉबच्या संख्येवर काही मर्यादाच ठेवत नाही, हाताला लागतील तेवढे एकदम सुरू करतो. ‘निंजा’ तर न सांगताच कोअरच्या संख्येपेक्षा थोडे जास्त जॉब चालवतो. दोघंही मेमरी किती शिल्लक आहे ते विचारत नाहीत.

हिशेब असा करा. साध्या सीच्या फाइलला कंपाइल होताना शंभर-दोनशे एमबी पुरतात. टेम्प्लेटने (ज्यातून कंपाइलर स्वतः आणखी कोड तयार करतो अशा साच्यांनी) भरलेली सी++ फाइल एकटी एक ते दोन जीबी खाऊ शकते. समजा मशीनला १६ थ्रेड (म्हणजे प्रोसेसर एका वेळी १६ कामं चालवू शकतो) आणि १६ जीबी मेमरी आहे. त्यातली पाच जीबी डेस्कटॉप आणि ब्राउझरची. उरल्या अकरा. एका जॉबला दीड जीबी धरली तर सात जॉब बसतात, सोळा नाही. तेव्हा ‘-जे७’ द्या. त्याच मशीनवर लिनक्सचा कर्नल ‘-जे१६’ देऊनही सहसा आरामात होतो, कारण तो सीमध्ये आहे. ‘मेक’चा ‘-एल’ पर्याय फक्त लोड (किती कामं रांगेत आहेत ते) बघतो, मेमरी नाही, म्हणून या दुखण्यावर त्याचा भरवसा धरू नका.

जॉब कमी केले की वेळ वाढेल ही भीती असते. मशीन स्वॅपमध्ये लोळत असेल तर उलटंच होतं, सात जॉबचं कंपाइल सोळाच्या आधी संपतं.

कंपाइल मध्येच ‘किल्ड’ असं लिहून थांबलं तर कंपाइलरमध्ये दोष शोधत बसू नका. मेमरी संपल्यावर कर्नलनेच प्रक्रिया मारली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ कमांडमध्ये तिची नोंद सापडते.

सगळं सुरळीत चालून ९८ टक्क्यांवर मशीन गोठत असेल, तर गुन्हेगार लिंकर आहे, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून शेवटचा प्रोग्रॅम बनवणारं साधन. डीबग माहितीसकट (चुका शोधायला लागणाऱ्या जादा माहितीसकट) मोठा प्रोग्रॅम जोडताना एकच लिंक कित्येक जीबी घेते, आणि शेवटी अशा चार-पाच लिंक एकदम सुरू होतात. एलएलव्हीएम हा मोठा कंपाइलर प्रोजेक्ट बांधताना समांतर लिंकची संख्या वेगळी ठरवायची सोय आहे, ती १ किंवा २ ठेवा. डीबग माहिती नको असेल तर बंद करा. ‘एलएलडी’ किंवा ‘मोल्ड’ लिंकर वापरून बघायलाही हरकत नाही.

पायरी ३ : कंपाइलला मागच्या रांगेत बसवा

सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे ‘नाइस -एन १९ मेक’, म्हणजे कंपाइलला सगळ्यात खालचा अग्रक्रम द्या. वाईट नाही, पण बऱ्याचदा फरक जाणवत नाही आणि त्यामागे कारण आहे. २०११मध्ये आलेल्या २.६.३८ कर्नलपासून शेड्यूलरमध्ये ‘ऑटोग्रुप’ आहे. त्यामुळे एका टर्मिनलमधल्या सगळ्या प्रक्रियांचा एक गट होतो, आणि ‘नाइस’चा आकडा त्या गटाच्या आतच मोजला जातो. बाहेरच्या ब्राउझरशी स्पर्धा होते ती गटाची, आणि गटाचं वजन तेवढंच राहतं. सिस्टमडीचे (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे) सीग्रुप, म्हणजे प्रक्रियांचे गट, वापरणाऱ्या आजच्या डेस्कटॉपवरही गोष्ट साधारण अशीच आहे.

म्हणून वजन गटालाच लावा. ‘सिस्टमडी-रन’ला ‘यूजर’ आणि ‘स्कोप’ हे पर्याय देऊन त्यातून कंपाइल चालवा. ‘सीपीयूवेट’ २० ठेवा, एरवी ते १०० असतं. सोबत ‘मेमरीहाय’ला वरच्या हिशेबातला आकडा द्या, म्हणजे ११ जीबी. ही सोय मला सगळ्यात आवडते. मर्यादा ओलांडली की कर्नल फक्त त्या गटाला दाबतो, कंपाइल रखडतं, पण ब्राउझर बऱ्यापैकी हलता राहतो.

डिस्कसाठी ‘आयोनाइस’ सुचवतात, ते डिस्कच्या रांगेत कामाला मागे ढकलतं. त्यातला ‘आयडल’ वर्ग चालतो की नाही हे आय-ओ शेड्यूलरवर, म्हणजे डिस्कची कामं कोणत्या क्रमाने करायची ते ठरवणाऱ्या भागावर, ठरतं. बीएफक्यू नावाचा शेड्यूलर असेल तर चालतो. एनव्हीएमई डिस्कवर अनेकदा शेड्यूलर ‘नन’ असतो, तिथे काहीच होत नाही.

पायरी ४ : मेमरी ठीक असेल तर

आकडे स्वच्छ आहेत, तरी कंपाइल सुरुवातीला पळतं आणि दहा मिनिटांनी रांगतं? उष्णता तपासा. ‘सेन्सर्स’ कमांडने तापमान बघा आणि कोअरची फ्रीक्वेन्सी खाली येतेय का तेही बघा. हीटसिंकमधली धूळ काढा.

एडिटरकडेही लक्ष असू द्या. एडिटरला कोड समजावून देणारा ‘क्लँगडी’सारखा सर्व्हर त्याच वेळी सगळा प्रोजेक्ट वाचत असेल, तर एका कामाची दोन कामं झाली.

विंडोजवर पहिला संशयित अँटिव्हायरस. कंपाइलमध्ये हजारो छोट्या फाइल बनतात आणि तो प्रत्येकीची झडती घेतो. फक्त बिल्डचं फोल्डर त्यातून वगळा, अख्खी डिस्क मुळीच नाही. विंडोज ११मध्ये याच कामासाठी ‘डेव्ह ड्राइव्ह’ आहे.

तोच प्रोजेक्ट पुन्हापुन्हा बांधत असाल तर आधीच्या कंपाइलचा निकाल साठवून ठेवणारं ‘सीकॅश’ बसवा. पहिल्या खेपेला काही मिळत नाही, दुसऱ्यापासून न बदललेल्या फाइल साठ्यातून येतात. प्रत्येक वेळी ‘मेक क्लीन’ करून आधीचं सगळं बांधलेलं पुसायची सवयही सोडा. आणि खर्च करायचाच झाला तर आधी मेमरी, अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी.