पिना बदललेले कुलूप अडते तेव्हा

गावच्या घराची राखण करणारा माणूस बदलला किंवा भाडेकरू घर सोडून गेला, की सबंध लॅच नवे घेण्याऐवजी आतल्या पिना बदलून नवी चावी बसवणे स्वस्त पडते. मात्र हे काम घरी केल्यावर कुलूप पुष्कळदा अडते. चावी शिरत नाही, शिरली तर फिरत नाही आणि फिरली तर निघत नाही, या तिन्ही तक्रारींची कारणे निराळी आहेत. म्हणून पुन्हा पेचकस हाती घेण्यापूर्वी चावी नेमकी कुठे अडते, ते दोन-तीनदा पाहून घ्यावे.

या कुलपाची रचना लायनस येल याने अमेरिकेत १८६१ साली पेटंट घेतलेल्या रचनेपेक्षा मुळात वेगळी नाही. बाहेरच्या कवचात एक पितळी गाभा फिरतो. गाभ्यातील भोकांत खालच्या पिना चावीच्या दातांवर टेकतात, त्यांच्यावर वरच्या पिना असतात, आणि त्यांना कवचातल्या बारीक स्प्रिंगा खाली दाबतात. अशा जोड्या बहुधा पाच असतात. योग्य चावी घातली की प्रत्येक जोडीचा सांधा गाभा आणि कवच यांच्या सीमेवर येतो आणि गाभा मोकळा होतो. एका जोडीचा सांधा जरी किंचित वर-खाली राहिला, तरी गाभा हलत नाही.

कुलूप पुन्हा उघडताना परातीत जुना पांढरा पंचा अंथरून त्यावर काम करावे. आमच्या घरी मी हे ओटीवर बसून केले होते, आणि सारवलेल्या जमिनीवर उडालेली एक स्प्रिंग शोधण्यात सबंध दुपार गेली. गाभ्याला मागून धरून ठेवणारी क्लिप काढून चावीने गाभा थोडासा तिरपा फिरवावा आणि मगच, गाभ्याइतक्याच जाडीची गोल दांडी मागून टेकवून, तो पुढे ढकलावा. दांडी आणि गाभा यांच्यात फट पडली, तर वरच्या पिना आणि स्प्रिंगा त्या फटीतून बाहेर पडतात. गाभा अजिबात फिरतच नसेल, तर पुढचे काम चावीवाल्याकडे सोपवावे, कारण जबरदस्तीने कवचाचे भोक चिरते.

आता खरी तपासणी. नुसता गाभा हातात धरून त्यात नवी चावी पूर्ण आत घालावी आणि पिनांच्या ओळीवरून नख फिरवावे. सगळ्या पिनांची डोकी गाभ्याच्या पृष्ठभागाशी सपाट लागली पाहिजेत. नखाला एखादी टोचली, तर ती पिन लांब आहे, आणि नख एखाद्या खळगीत उतरले, तर ती आखूड आहे. दोन्ही स्थितींत गाभा फिरत नाही, कारण पहिल्या वेळी खालची पिन सीमा ओलांडून कवचात शिरते आणि दुसऱ्या वेळी वरची पिन गाभ्यात उतरते. उंच पिन कानशीने घासून सपाट करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. कानस गाभ्यालाही लागते, सीमा सैल होते आणि मग भलत्याच चावीने कुलूप उघडू लागते. योग्य मापाची पिन घालणे हाच खरा उपाय.

चावी आत शिरताना किंवा निघताना खरखरत असेल, तर एखादी खालची पिन उलटी बसली आहे का ते पाहावे, कारण निमुळते टोक नेहमी चावीकडे हवे. चावी फिरून परत निघत नसेल, तर गाभा मूळच्या उभ्या जागी पूर्ण आला आहे का ते पाहावे, आणि मागची क्लिप सैल असल्यामुळे तो पुढे सरकत नाही ना, तेही पाहावे. जुळणी करताना गाभा चावीविना पूर्ण अर्धा फेरा फिरवू नये, कारण वरच्या पिना चावीच्या फटीच्या उघड्या बाजूत उतरतात आणि सगळेच अडकते.

स्प्रिंगांकडे कोकणात विशेष लक्ष द्यावे लागते. खाऱ्या वाऱ्याने पितळ हिरवट होते, आणि पोलादी स्प्रिंग असेल तर ती लाल होऊन चिकटते. एक गंजलेली दिसली तर सगळ्याच बदलाव्यात. खोबरेल तेल मात्र घालू नये. ते सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते, म्हणजे पौषातल्या पहाटे चावी जड होते, आणि बाकीच्या दिवसांत त्यावर धूळ बसते. ग्राफाइटची कोरडी भुकटी चिमूटभर पुरते, किंवा मऊ शिशाची पेन्सिल चावीच्या दातांवर घासली तरी चालते.

हातात नीट चालणारे कुलूप दारावर बसवताच अडले, तर दोष पिनांत नाही. गाभ्यामागची चपटी पट्टी लॅचच्या खाचेत योग्य दिशेने बसली आहे का ते पाहावे. ती पाव फेऱ्याने चुकली, तर चावी फिरते पण चौकटीत शिरणारा कुलपाचा दांडा हलत नाही. सिलिंडर, म्हणजे गाभ्यासह सबंध कवच, दाराला आवळणारे दोन लांब स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहावेत. मग दार उघडे ठेवून चावी फिरवावी. उघड्या दारात सुरळीत आणि बंद दारात घट्ट असेल, तर पावसात फुगलेले लाकूड किंवा खाली बसलेले बिजागर दांड्याला अडवत आहे. दांड्याच्या टोकाला ओले कुंकू लावून दार बंद करावे, चावी फिरवून पाहावी आणि चौकटीवरच्या पट्टीवर डाग कुठे उमटतो ते बघावे. जिथे डाग पडेल, तेवढेच पट्टीचे भोक मोठे करावे, तेही पाऊस संपून लाकूड पुरते सुकल्यावर.