सेपांगची मोटोजीपी पाहायला निघालात? मग या चुका टाळा

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच: मलेशियात सेपांगच्या ट्रॅकवर मोटोजीपीची, म्हणजे बाइक्सच्या जागतिक स्पर्धेतली, रेस बघायला जायचंय. "शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी क्वालालंपूर फिरतो, रविवारी रेस बघतो आणि रात्रीच्या विमानानं परत. ट्रॅक विमानतळाला लागूनच आहे म्हणे!" आहे, लागूनच आहे. या एका वाक्यानं जेवढ्या लोकांची वाट लावली आहे, तेवढी सेपांगच्या पावसानंही लावली नसेल.

रविवारी रात्रीचं परतीचं तिकीट

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच. हिशेब कागदावर झकास दिसतो. मोटोजीपीची मुख्य रेस तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी 3 ला सुरू होते, 20 लॅप्सना साधारण 40 मिनिटं लागतात. चारला बाहेर, पाचला विमानतळ, आठचं विमान. मध्ये कॉफीलासुद्धा वेळ.

एका वर्षी माझ्याबरोबर आलेल्या चौघांनी हाच हिशेब मांडला होता. वर आणखी एक शहाणपणा केला होता: सकाळी क्वालालंपूरच्या बुकित बिन्तांग भागातली खोली सोडली आणि बॅगा तिथल्याच रिसेप्शनवर ठेवल्या. म्हणजे रेस संपल्यावर शहरात जायचं, बॅगा घ्यायच्या आणि पुन्हा उलटं विमानतळावर यायचं. शहर ते ट्रॅक हे अंतर रस्त्यानं साठेक किलोमीटर आहे, आणि हा सगळा उपद्व्याप रेस सुटल्यावरच्या गर्दीत करायचा!

अडीचच्या सुमारास आभाळ काळवंडलं आणि थोड्याच वेळात समोरचा ट्रॅक दिसेनासा झाला. रेस पुढे ढकलली. पडद्यावर नवी वेळ येईना, आणि आमच्यातला एकजण ट्रॅककडे बघायचं सोडून मनगटाकडे बघत बसलेला. रेस संपली तेव्हा पाच वाजत आले होते. बाहेर ग्रॅबवर, म्हणजे तिथल्या टॅक्सीच्या ॲपवर, गाडी मिळायची, दोन मिनिटं नकाशावर जागच्या जागी घुटमळायची आणि ड्रायव्हर फेरी रद्द करायचा. त्याचाही दोष नाही, गेटकडे येणारे रस्तेच एकेरी केलेले. चौघं चपला हातात घेऊन चिखलात उभे, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळानं चाकं बाहेर काढलेलं एकेक विमान खाली उतरतंय. शेवटी तिघं अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी विमानात बसले. चौथा बॅगा आणायला मागे राहिला आणि दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाला त्यानं जे पैसे मोजले, त्यात त्याची तिन्ही दिवसांची रेस दोनदा बघून झाली असती.

माझी सवय सांगतो. शनिवारी रात्रीच मुक्काम विमानतळाच्या आसपास किंवा जवळच्या सलाक तिंग्गी गावाकडे हलवायचा, रविवारची रात्रही तिथेच काढायची आणि विमान सोमवारी दुपारनंतरचं घ्यायचं. एका रात्रीचं भाडं वाचवायला जीव टाकणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. रेसच्या दिवसात शटल बस असतात, त्यांनी जात असाल तर परतीची बस कुठून सुटते ते सकाळी उतरल्या उतरल्या विचारून घ्या आणि त्या जागेचा फोटो काढून ठेवा. सोडायची आणि घ्यायची जागा एकच असेल असं धरून चालू नका.

आणि विमानतळ एक असला तरी टर्मिनलं दोन आहेत. एअरएशिया टर्मिनल 2 वरून जाते. तिकिटावर बघा, टॅक्सीवाल्याला विचारू नका.

"खरी रेस रविवारीच असते ना?"

सेपांगचा ट्रॅक 5.543 किलोमीटरचा, वळणं 15. 2024 मध्ये बान्याया या रायडरनं पोलसाठी, म्हणजे रेसला सगळ्यात पुढून सुटायच्या जागेसाठी, 1 मिनिट 56.337 सेकंदांची लॅप मारली होती. म्हणजे रेसच्या वेगात बाइक्स साधारण दोन मिनिटांनी एकदा तुमच्यासमोरून जाणार, काही सेकंदांसाठी, आणि अशा 20 वेळा. फक्त तेवढ्यासाठी समुद्र ओलांडून येणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. घरी टीव्हीवर त्यांना जास्त दिसलं असतं.

टीव्हीवर दिसत नाही ते शुक्रवारी, सरावाच्या दिवशी, दिसतं. स्टँड रिकामे असतात, माणसं निवांत असतात. पहिल्या वळणाजवळची जागा धरा. लांबलचक सरळ पट्ट्यावरून 300 च्या वर वेगानं आलेली बाइक ब्रेक लागताच मागून हलकी होते, मागचं चाक जमिनीला टेकतंय न टेकतंय अशी हेलकावते. रायडर आतला पाय बाहेर सोडतो, उजवीकडचं ते लांब वळण संपेस्तोवर बाइक आडवी ठेवतो आणि लगेच दुसऱ्या वळणासाठी तीच बाइक डावीकडे उलटी पाडतो. तासभर एकाच जागी बसून बघितलं की कोण कुठे ब्रेक लावतो हे कळायला लागतं, आणि मग रविवारी समोर काय चाललंय ते समजतं.

शनिवारी सकाळी क्वालिफायिंग, म्हणजे रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या लॅप्स, आणि दुपारी स्प्रिंट ही छोटी रेस. 2023 पासून आलेली ही स्प्रिंट निम्म्या अंतराची, म्हणजे सेपांगला 10 लॅप्सची. टायर जपायची भानगड कमी, त्यामुळे धुमश्चक्री जास्त. हे सगळं सोडून शनिवारी मॉलमध्ये फिरणाऱ्यांना काय म्हणावं!

रविवारची सकाळ 'मोकळी' समजून क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्ह्जला, त्या गुहेतल्या मंदिरांना, जाणारे तर दरवर्षी असतात. 2018 चं उदाहरण लक्षात ठेवा. वादळी पावसाचा अंदाज होता म्हणून मुख्य रेस दोन तास अलीकडे आणली, तीनच्या ऐवजी एकला. बराच वेळ रॉसी हा रायडर पुढे होता आणि शेवटून चार लॅप्स उरलेल्या असताना पहिल्याच वळणावर पडला. त्याचा प्रतिस्पर्धी मार्केझ जिंकला. तीनला पोचणाऱ्याच्या नशिबी रिकामा ट्रॅक. रविवारी सकाळी गेट उघडलं की आत, दुसरा बेत नाही. मुख्य रेसच्या आधी मोटो3 या छोट्या बाइक्सच्या गटातली पोरं एकमेकांच्या आडोशाला राहून जी झुंबड करतात, ती कित्येकदा मुख्य रेसपेक्षा जास्त रंगते.

पावसाची तयारी

हिलस्टँडचं तिकीट स्वस्त पडतं, कारण तो उघड्यावरचा गवताचा उतार आहे. डोक्यावर छप्पर हवं असेल तर मेन ग्रँडस्टँड घ्या. दोन सरळ पट्ट्यांच्या मधोमध तो उभा आहे आणि शेवटचं, पंधरावं वळण त्याच्या टोकाला वळसा घालून जातं. त्या टोकाच्या जागा मिळाल्या तर सोडू नका.

छत्री नको. मागच्या माणसाला तुमची छत्री बघायची नसते. पोंचो घ्या, फोनला प्लास्टिकची पिशवी घ्या.

पहिल्या सरीला उठून पळणारे मला कळतच नाहीत. तिथली दुपारची सर जोरदार असते, पण बहुतेक वेळा तासाभरात ओसरते. 2012 सारखंही होतं: 13 लॅप्सनंतर लाल झेंडा, रेस तिथेच संपली, रायडर पेद्रोसा विजेता. पण ते जाग्यावर बसून राहिलेल्यांनीच बघितलं.

इअरप्लग घरूनच न्या. "आपल्याला सवय आहे" म्हणणारे शुक्रवारी संध्याकाळी कान चोळत असतात.

'सेपांग' नाव बघून हॉटेल घेऊ नका. सेपांग हा अख्खा जिल्हा आहे. समुद्रावरच्या त्या देखण्या झोपड्या बागान लालांगला आहेत, ट्रॅकजवळ नाहीत.

"बाइकची रेस, मग बाइकनंच जाऊ" हा उत्साहही आवरा. तिथले हजारो लोक आपापल्या कापचाय, म्हणजे छोट्या मोटरसायकली, घेऊन येतात हे खरं, पण पाऊस आला की हायवेवर कुठल्या पुलाखाली थांबायचं हे त्यांना पाठ असतं. तुम्हाला नसतं.

शहरं बघताना

रेस रविवारी, म्हणून ट्विन टॉवर्स सोमवारी, असं सगळेच ठरवतात. सोमवारी टॉवर्सची आतली भेट बंद असते. 41 व्या मजल्यावरच्या पुलावर जायचं असेल तर गुरुवारी जा आणि तिकीट आधी काढा. बाटू केव्ह्जही गुरुवारीच उरका. क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्टेशनवरून थेट लोकल आहे, पायऱ्या 272, गुडघे झाकलेले हवेत.

पुत्राजाया हे सरकारी कचेऱ्यांचं शहर ट्रॅक आणि क्वालालंपूरच्या मध्ये आहे, गुलाबी घुमटाची मशीद बघायला अर्धा दिवस पुरतो. फक्त विमानतळाच्या केएलआयए एक्सप्रेस गाडीत बसू नका, ती मध्ये थांबतच नाही. त्याच मार्गावरची, मधल्या स्टेशनांवर थांबणारी ट्रान्झिट पकडा. शुक्रवारी नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत.

सोमवारी मोकळे असाल तर माझं मत मलाक्का या जुन्या बंदराच्या गावाला. क्वालालंपूर ट्रॅकच्या उत्तरेला, मलाक्का दक्षिणेला. म्हणून आधी क्वालालंपूरला परत जाऊन तिथून बस पकडण्यात काही अर्थ नाही. विमानतळावरूनच थेट बस मिळते. ती मलाका सेंट्रल या बसस्थानकावर सोडते, जुनं गाव तिथून काही किलोमीटरवर आहे, तेवढ्यासाठी ग्रॅब करा. जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवारच भरतो, त्यामुळे तो हुकणारच. हळहळू नका, गर्दी नसलेलं गाव बघायला मिळतं. डचांचं 1753 चं लाल चर्च आहेच, पण टेकडीवरच्या सेंट पॉलच्या भग्न चर्चपर्यंत चढा. पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. जुन्या गोव्यात ठेवलेलं फ्रान्सिस झेवियरचं शव गोव्याला यायच्या आधी काही महिने याच चर्चमध्ये पुरलेलं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: 2023 च्या डिसेंबरपासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंतच्या पर्यटनाला व्हिसा लागत नाही, ही सवलत 2026 अखेरपर्यंत आहे. पण डिजिटल अरायव्हल कार्ड भरावंच लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं असेल तर ते बंद करा आणि तिथल्या इमिग्रेशन खात्याचं पान शोधा.