गोधडीची कड: गोट कुठला, कापड किती, कोपरा कसा

गोधडी विरते ती कडेपासून. म्हणून गोट, म्हणजे कडेला शिवायची पट्टी, रंग बघून नाही, वापर बघून ठरवा.

रोजच्या पांघरुणाला दुहेरी गोटच हवा, म्हणजे उभी दुमडून दोन पदरी केलेली पट्टी. अस्तर पुढे दुमडून शिवलं तर काम लवकर उरकतं, पण कडेला कापडाचा एकच पदर येतो आणि तो विरला की अस्तरालाच हात घालावा लागतो. भिंतीवर टांगायच्या कामाला ते चालेल. गोटात कापूस भरून फुगवायची हौस ठाण्याच्या पावसाळ्यात महागात पडते: मधला भाग वाळतो, कड दमट राहते आणि वास मारते.

५ बाय ७ फुटांच्या गोधडीचा घेर २८८ इंच. जोड-कोपरे धरून पट्टी ३०० इंच लागते. आत जुन्या साड्यांचे थर असतील तर ३ इंच रुंद कापा, उभी दुमडून दीड इंच. ४४ इंच पन्ह्यातून (कापडाच्या रुंदीतून) ८ पट्ट्या, म्हणजे पाऊण मीटर कापड. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून सुती कापड आणलंत तर कापण्याआधी भिजवा. लाल नि गर्द निळा रंग सोडतात. पट्ट्या तिरक्या जोडा, सरळ जोडाची गाठ बोटाला लागते. उरेब पट्टी, म्हणजे कापडातून तिरकी कापलेली, गोल कोपऱ्यांनाच. सरळ कडेला ती उगाच ताणते.

त्याहून छान म्हणजे नऊवारीचा काठ. ९ वार म्हणजे ३२४ इंच, एकही जोड नको! फक्त जरीचा नको, मानेला टोचतो.

आधी कडेच्या अगदी जवळून सगळीकडे धावदोरा घालून थर पक्के करा. मग दुमडलेल्या पट्टीच्या मोकळ्या कडा गोधडीच्या पुढच्या कडेला जुळवून कडेपासून ३/८ इंच दाब (शिलाईसाठी सोडलेली जागा) ठेवून शिवा. मशीनला १६ नंबरची सुई. पट्टी ओढून शिवली तर कड आत वळते, गोधडी ताणली गेली तर लाटा पडतात.

कोपऱ्याच्या ३/८ इंच अलीकडे थांबा, दोरा तोडा. पट्टी वर उभी दुमडा, तिरकी घडी पडेल. मग खाली आणून वरची घडी कडेशी जुळवा आणि तिथूनच शिलाई धरा. टोकापर्यंत शिवत गेलात तर घडी उलटत नाही, कोपरा गोळा होतो.

शेवटी गोट मागे वळवून मशीनची शिलाई झाकेल असा हाताने हेम करा. टाके पाव इंचाच्या आत ठेवा, आणि कोपऱ्याच्या घडीतही दोन-तीन घाला. नाहीतर धुताना तीच आधी उघडते.