ग्रह-चंद्रांच्या अंतरांची तुलना करताना या चुका टाळा

चंद्र, शुक्र, मंगळ पृथ्वीपासून किती लांब आहेत, याचे तक्ते हवे तेवढे मिळतात. पण आकडा कोणत्या तारखेचा, हे त्यांत क्वचितच लिहिलेलं असतं. निम्मा घोळ तिथेच होतो.

मंगळाचंच बघा. सूर्यापासून त्याचं सरासरी अंतर २२.८ कोटी किलोमीटर, पृथ्वीचं १४.९६ कोटी. वजाबाकी करून आलेले ७.८ कोटी बिनदिक्कत 'मंगळाचं अंतर' म्हणून छापले जातात. पण मंगळाची कक्षा चांगलीच लांबट आहे. साधारण दर २६ महिन्यांनी प्रतियुती होते, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि मंगळाच्या मधे येते, तरी प्रत्येक वेळी तो सारखाच जवळ येत नाही. २७ ऑगस्ट २००३ ला तो ५.५८ कोटी किलोमीटरवर होता. मार्च २०१२ मध्ये जवळ येऊनही दहा कोटींच्या पुढेच राहिला. सूर्याच्या पलीकडे असतो तेव्हा हेच अंतर ४० कोटींपर्यंत जातं.

'सर्वांत जवळचा ग्रह कोणता?' हा प्रश्नही अर्धवट आहे. सर्वांत जवळ येतो तो शुक्र, जेमतेम चार कोटी किलोमीटरवर. पण तोच पलीकडे गेला की २६ कोटींवर असतो. म्हणून दीर्घ काळाची सरासरी काढली तर बुध पुढे निघतो: बुध सुमारे १५.५ कोटी, शुक्र १७ कोटी. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त कशाबद्दल बोलतोय ते आधी सांगायला हवं.

उपग्रहांच्या बाबतीत गफलत वेगळी होते. आपला चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर, गुरूचा उपग्रह आयो ४,२१,७०० वर, म्हणजे आयो थोडाच लांब? मुळीच नाही! आयोचा आकडा गुरूपासूनचा आहे. मंगळाचा उपग्रह फोबॉस तर मंगळाच्या केंद्रापासून अवघ्या ९,४०० किलोमीटरवर फिरतो. पृथ्वीपासूनचं अंतर हवं असेल तर त्या दिवशीचं मंगळाचं अंतर घ्या, तेवढं पुरतं.

मिलियनचं रूपांतर करतानाही हात घसरतो. एक मिलियन म्हणजे दहा लाख, त्यामुळे ५४.६ मिलियन म्हणजे ५.४६ कोटी, ५४.६ लाख नव्हे. शंका आली तर किलोमीटरना तीन लाखांनी भागा, प्रकाशाला लागणारे सेकंद मिळतील. चंद्रासाठी सव्वा सेकंदाच्या आसपास उत्तर येतं, मंगळासाठी तीन ते बावीस मिनिटं. मंगळाचे अठरा सेकंद आले, तर लाख-कोटीत चूक झालीच समजा.

एखाद्या ठरावीक दिवसाचं अंतर हवं असेल, तर नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची 'होरायझन्स' ही ऑनलाइन सेवा मोफत आहे. तिथे 'आर' हा स्तंभ सूर्यापासूनच्या अंतराचा आणि 'डेल्टा' निरीक्षकापासूनच्या. निरीक्षक म्हणून पृथ्वी निवडा आणि डेल्टाच उचला. आकडा खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या पटीत) असेल, तर त्याला १४.९६ कोटींनी गुणलं की किलोमीटर हातात येतात.