न्यू जर्सीत घर घेताय? आधी सरकारी कागद मागवा

एडिसन-वुडब्रिजकडे जुनं घर बघत असाल तर किचन आणि शाळा नंतर बघा. आधी त्या पत्त्याचे सरकारी कागद मागवा. इथल्या कितीतरी जुन्या घरांत तेलावर हीटिंग चालायचं आणि तेलाची टाकी अंगणात पुरलेली असायची. ती गळली असेल तर माती साफ करायचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

त्यासाठी ‘ओप्रा’ (ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट) हा सरकारी कागद मागायचा राज्याचा कायदा २००२ पासून आहे. आपल्या माहितीच्या अधिकारात ३० दिवसांची मुदत असते, इथे साधारण कामकाजाचे ७ दिवस. कारण सांगावं लागत नाही, घरमालकाची परवानगीही नको. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे एच-१बीवर असाल तरी बिनधास्त अर्ज करा.

अर्ज दोन करा. बांधकामाची परमिट्स टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, क्लार्ककडे मागायची. टाकीच्या सफाईची फाइल ट्रेंटनला, राज्याच्या पर्यावरण खात्याकडे, म्हणजे डीईपीकडे. तिथला अर्ज राज्याच्या ओप्रा पोर्टलवरून जातो. डीईपीची बरीच माहिती त्यांच्या ‘डेटामायनर’ या वेबसाइटवर अर्जाशिवायही दिसते, ती आधी चाळा.

बहुतेकांचं अडतं ते अर्जाच्या मजकुरावर. ‘या घरात काही प्रॉब्लेम आहे का?’ असं विचारलंत तर नकारच येईल, कारण प्रश्नांची उत्तरं देणं त्यांना बंधनकारक नाही. असलेला कागद मागा: ‘या पत्त्यावरची १९९० पासूनची सर्व बांधकाम परमिट्स, तपासणीचे अहवाल, आणि जमिनीखालची तेलाची टाकी काढल्याचे कागद.’ पत्त्यासोबत ब्लॉक आणि लॉट नंबर, म्हणजे त्या जागेचे सरकारी नोंदीतले क्रमांक, द्याच. फायली बहुधा त्यावरच लावलेल्या असतात. कागद ईमेलने मागवा, पैसे पडत नाहीत. छापील प्रतीला साध्या पानामागे ५ सेंट.

वेळेचं गणित मात्र नीट बघा. एजंटमार्फत घराचा करार केलात तर तो वकिलाकडून तपासून घ्यायला कामकाजाचे ३च दिवस मिळतात. म्हणून घर मनात भरलं की ऑफर देण्याआधीच अर्ज टाका.

सरकारी ऑफिसला मुदतवाढ हवी असेल तर त्यांनी नवी तारीख लेखी कळवायला हवी. काहीच कळवलं नाही तर तो नकार धरला जातो. मग गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स कौन्सिलकडे, म्हणजे ओप्राच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे, तक्रार करता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त अर्ज स्वतःच्या नावाने केलेला असू द्या, निनावी अर्जावर तक्रार चालत नाही.