डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

एचटीएमएल-सीएसएस येतंय, दोन-तीन डमी साइट बनवून झाल्या आणि आता पुढे काय कळत नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितेय. माझं मत सरळ आहे, छोटं का होईना पण पैसे घेऊन काम घ्या. फुकट अजिबात नको. फुकट करून देणाऱ्याला क्लायंट मजकूर वेळेवर देत नाही, फोटो देत नाही, वर भाचीच्या लग्नाची पत्रिका पण डिझाइन करून मागतो. मी पहिल्या कामाचे चार हजार घेतले, अर्धे आधी.

ते काम होतं गिरगावातल्या एका काकूंचं, घरगुती फराळाचं. २०२० चा ऑक्टोबर, लॉकडाऊन, मी भांडुपला घरी, सगळं फोनवर. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले ते धुरकट, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हटलं तर एकेक फोटो पाच एमबीचा, मी तसेच चढवले आणि काकूंच्या मोबाइलवर पान उघडेना. तेव्हा फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलणं, साइझ कमी करणं शिकले. हे चालतं, असल्या चुका दोन तासांत दुरुस्त होतात.

माझी खरी चूक वेगळी होती आणि ती मी वर्षभर चूक समजतच नव्हते.

काकू म्हणाल्या, "अगं मला त्यातलं काही कळत नाही, तूच घे ते नाव." मी घेतलं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, डॉट कॉमवालं, एका वर्षासाठी, माझ्या अकाउंटवर, माझ्या डेबिट कार्डावर, आणि ईमेलसाठी एक नवीन जीमेल काढलं जे नंतर कधी उघडलंच नाही. ऑटो-रिन्यू (मुदत संपली की आपोआप पैसे कापून नूतनीकरण) चालू केलं आणि निवांत झाले. आता झालं काय, १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नवा नियम लागू झाला, कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर तुमची वेगळी मंजुरी नोंदवलेली पाहिजे, ती नसेल तर पैसे कापले जात नाहीत. माझे कापले गेले नाहीत. इशाऱ्याचे मेल आले, सगळे त्या न उघडलेल्या जीमेलवर.

दिवाळी ४ नोव्हेंबरला, म्हणजे परदेशात कुरिअर करायच्या फराळाच्या ऑर्डरी ऑक्टोबरच्या मध्यावर. नेमका तेव्हाच सकाळी फोन, "अगं माझी चकली कुठे गेली? इथे कसल्यातरी इंग्रजी जाहिराती दिसतायत."

साइट होस्टिंगवर, म्हणजे फाइली ठेवलेल्या सर्व्हरवर, शाबूत होती, एक फाइल हलली नव्हती. पण डोमेन संपलं की नाव दुसरीकडे वळतं, आणि त्या नावावरचा ईमेल पण बंद, कारण मेल कुठे पोचवायचा ती एमएक्स रेकॉर्ड त्याच डीएनएसमध्ये, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदींमध्ये, असते. न्यू जर्सीच्या दोन बायकांचे मेल परत गेले. नशीब मुदत संपल्यानंतर रिन्यू करायला मिळतात ते जादा दिवस चालू होते, नेहमीच्या दरात रिन्यू झालं, संध्याकाळी साइट आली. ते दिवस उलटले असते तर डॉट कॉमला पुढे तीस दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो आणि त्यात नाव सोडवायला दंड जबर, तोही गेला की नाव कोणीही घेऊ शकतं.

म्हणून डोमेन क्लायंटच्याच ईमेलवर, त्याच्याच कार्डावर घ्यायला लावा. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, तो तेव्हा बँकेच्या रांगेत असणार, तुम्ही वैतागणार, तरी तसंच करा. मालक म्हणून त्याचं नाव, तुम्हाला फक्त डीएनएस बदलायचा अ‍ॅक्सेस. एकाच वर्षाचं घ्यायचं असेल तर पुढच्या वर्षीचा दर आधीच सांगा, पहिल्या वर्षीची ऑफर बघून सगळे खूश असतात. आणि तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये, महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट. काही जण मुद्दाम डोमेन स्वतःकडे ठेवतात, क्लायंट पळू नये म्हणून. माझ्या एका सिनियरने मलाही हाच सल्ला दिला होता. मला तो ओलीस ठेवण्याचाच प्रकार वाटतो.

घाबरू नका पण. काकूंनी मला सोडलं नाही, दोन दिवस बोलल्या नाहीत एवढंच, आणि नंतर त्यांच्याच ओळखीतून दादरच्या एका क्लासचं काम आलं. पेज बिल्डर (कोड न लिहिता पान रचायचं साधन) वापरलात तरी माझी हरकत नाही, वर्डप्रेसवर खुशाल करा. फुकटात मिळणाऱ्या क्रॅक केलेल्या थीम, म्हणजे विकतच्या तयार डिझाइनच्या चोरट्या प्रती, मात्र नको, आत काय कोड घुसवलाय ते तुम्हाला दिसणार नाही. आणि साइट लॅपटॉपवर सुंदर दिसते म्हणून खूश होण्याआधी ती एकदा गर्दीच्या लोकलमध्ये, एका हाताने, स्वस्तातल्या फोनवर उघडून बघा.

आता काकूंचं डोमेन त्यांच्या मुलाच्या नावावर आहे. त्याला रिन्यूअलचे खोटे मेल येतात, हुबेहूब खऱ्यासारखे, दुप्पट रकमेचे. तो दरवेळी मला स्क्रीनशॉट पाठवतो, "ताई, हे भरू का?" मी सांगते, मेलमधल्या लिंकला हात लावू नकोस, आपल्या अकाउंटला लॉगिन करून तारीख बघ.